पुढचा डावा कोपरा

"पुढचे दोन्ही बदलावे लागतील, सर," गाड्यांच्या शोरूममधली ती मुलगी म्हणाली आणि हातातला टॅब तिनं माझ्याकडे वळवला.

"दोन्ही?"

"हो सर. एअर स्ट्रट, म्हणजे चाकावरचे हवेचे फुगे, जोडीनंच बदलावेत असा कंपनीचा सल्ला असतो. शिवाय कॉम्प्रेसर, बॅटरी, खालची रबरं, वायपर, एसीची सफाई..."

"आकडा सांगा."

तिनं बोटानं पान वर सरकवलं. सगळ्यात खाली आकडा होता, सहा लाखांच्या वर. मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आकडा तोच होता.

"एवढ्यात नवीन गाडी येईल," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतोय, मामा," शेजारी बसलेले प्रसन्नराव म्हणाले. "आहे तशी देऊन टाकू. घेणारा आहे माझ्या ओळखीचा. आज म्हटलं तर आज घेऊन जाईल."

प्रसन्नराव माझे जावई, स्नेहलचे मिस्टर. पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहेत. गेलं वर्षभर त्यांचं एकच चाललं होतं, गाडी विका. मी विचारायचो, तुम्हाला एवढी घाई कसली? ते म्हणायचे, घाई नाही, मामा, उभी राहून खराब होतेय. आणि आज मी न बोलावता ते ऑफिस सोडून शोरूममध्ये हजर होते. मी आत आलो तेव्हा ते या मुलीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला बघून दोघंही गप्प झाले.

जावयाला तोंडावर काही बोलता येत नाही. पण मनात मी जुळवून ठेवलं होतं. इकडं सहा लाखांचा बागुलबुवा दाखवायचा, म्हातारा घाबरला की तिकडं ओळखीच्या माणसाला गाडी मातीमोल भावानं द्यायची. कमिशन कुणाच्या खिशात जातं, एवढंच कळायचं राहिलं होतं.

"डावा तुम्ही बदललाय," मी त्या मुलीला म्हणालो. तिच्या कोटावर तेजल खोपडे असं नाव होतं. "शालन, म्हणजे आमची मंडळी, आजारी होती तेव्हा. पुढचा डावा. पैसे घेतलेत तुम्ही त्याचे. आता परत तोच बदलायचा?"

"बदललाय ते दिसतंय सर इथं. पण पेअरमध्ये..."

"दिसतंय कुठं? तुमच्या टॅबमध्ये. मला गाडीत दिसू दे."

प्रसन्नरावांनी खुर्चीत जागा बदलली. "मामा, कशाला आता ते? झालं गेलं."

त्यांनी असं म्हटल्यावर तर मला बघितल्याशिवाय राहवेना.

माझं कराडला भांड्यांचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तांबं-पितळ होतं, माझ्या वेळी स्टील आलं. घेतलेल्या भांड्यावर आम्ही नाव घालून देतो. लग्नाचं असेल तर दोन्हीकडची नावं, वास्तुशांतीचं असेल तर तारीख. ते यंत्र पेनासारखं हातात धरायचं, बटण दाबलं की टोक थरथरतं आणि भांड्यावर अक्षर उमटतं. कराडात कुठल्याही घरात जेवायला बसलो तर ताटाच्या काठावर माझं अक्षर सापडतं.

धंद्यानं मला संशयी केलं. नोट उजेडात धरल्याशिवाय मी गल्ल्यात टाकत नाही. मोडीत आलेलं पितळ कानशीनं घासल्याशिवाय वजनाला लावत नाही. शालन म्हणायची, "अहो, तुम्ही प्रसादाचा पेढासुद्धा वास घेऊन खाता." खरं होतं ते. एकदा पेढा आंबट निघाला होता.

ही गाडी मी हौसेनं घेतली नव्हती. शालनचा आजार मणक्यात उतरला होता. दर महिन्याला तिला औषध चढवायला पुण्याला न्यावं लागायचं. साध्या गाडीत खड्डा बसला की ती ओठ चावायची. ओरडायची नाही. घरी आल्यावर मला तिच्या ओठाला रक्त दिसायचं. तेव्हा आमच्या एका बिल्डर गिऱ्हाइकानं आपली जुनी परदेशी गाडी विकायला काढली होती. उंच, काळी, आत चामड्याच्या गाद्या. तिला चाकांवर लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे होते. खड्ड्यावरून जाताना आतल्या माणसाला कळत नसे. मी ती वीस मिनिटं चालवून बघितली आणि घेतली. घासाघीससुद्धा केली नाही, यावरून काय ते समजा. पहिल्या दिवशी शालन मागच्या सीटवर सातारा ओलांडेपर्यंत झोपली होती.

गाडी जुनीच होती. वर्षाभरात पुढचा डावा फुगा गेला. फुगा गेला की गाडी त्या कोपऱ्यावर बसते, म्हैस पाण्यात बसते तशी. शोरूमनं सांगितलेला खर्च ऐकून मला आधीच शंका आली. पैसे घेतील, जुनाच पार्ट पुसून परत बसवतील, मला काय कळणार? म्हणून गाडी पुण्याला पाठवायच्या आधी मी कराडच्या एका गॅरेजमध्ये ती वर उचलून घेतली, दुकानातलं यंत्र नेलं आणि खाली झोपून पुढच्या दोन्ही फुग्यांच्या धातूच्या नळकांड्यांवर नाव घातलं, शालन मु. करडे. आमच्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर असतं तेच.

काम झालं, गाडी आली. मी जुना पार्ट मागितला तर म्हणाले, तो कंपनीत जमा होतो. मोडीसारखंच की. पण मोड देताना गिऱ्हाईक भांडं डोळ्यांनी बघतं. मी परत गाडी उचलून बघणार होतो, पण शालनची तारीख जवळ आली होती. ती म्हणाली, "चालतेय ना गाडी? मग राहू द्या."

त्यानंतर काही महिन्यांनी शालनला अचानक जास्त झालं. लग्नसराईचे दिवस, दुकानात गर्दी. स्नेहल पुण्यात दवाखान्यात खाट मिळवायच्या मागं होती. प्रसन्नराव नेमके कराडला आले होते. शालन म्हणाली, "मी यांच्याबरोबर पुढं होते. तुम्ही दुकान आवरून संध्याकाळी या." दुपारी दोघं निघाले. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा ती गेली होती.

गाडी रस्त्यात बसली, असं प्रसन्नरावांनी मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. शिरवळच्या पुढं. मी विचारलं, कुठला कोपरा? ते म्हणाले, पुढचा डावा. थोड्या वेळानं आपोआप उठली, मग निघालो. आणि डॉक्टर स्नेहलला म्हणाले होते, जरा आधी आला असतात तर बघता आलं असतं.

पुढचा डावा. ज्याचे मी पैसे मोजले होते तोच.

गाडी पुढं वर्षभर आमच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. तिचं तोंड हळूहळू खाली गेलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत मी तिच्याजवळ गेलो नाही. मग ट्रकवर चढवून पुण्याला आणली. कराडातसुद्धा ती उचलून बघता आली असती, पण मला ते त्यांच्याच जागेत, त्यांच्याच माणसांसमोर बघायचं होतं. डाव्या नळकांड्यावर माझं अक्षर निघालं की चोरी पकडली जाणार होती. मग मी सांगणार होतो, तुमच्या या चोरीनं माझी बायको गेली. शालन गेल्याचं मी तिथं अजून कुणाला बोललो नव्हतो. गाडी दुरुस्त करायला मी आलोच नव्हतो.

"मला गाडी बघायची आहे," मी तेजलला म्हणालो.

"ती बघा सर, काचेतून दिसते."

"काचेतून बघायला ती काय दागिना आहे?"

"वर्कशॉपमध्ये कस्टमरला परवानगी नसते सर. सेफ्टीचा नियम आहे."

"हे बघ, माझ्या दुकानात गिऱ्हाईक भांडं वाजवून बघतं. मी वाजवू नका म्हटलं तर ते काय समजेल?"

"काय समजेल?"

"पोचा लपवतोय म्हणून."

तिला हसू आलं. ते तिनं दाबलं. "साहेबांना विचारून येते, सर."

"आणि सर नको म्हणू. मी मास्तर नाही."

ती गेली. मी प्रसन्नरावांकडे बघितलं. ते कॉफीच्या यंत्राजवळ जाऊन उभे राहिले होते. कप भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"घाबरलात का?" मी विचारलं.

"नाही. का?"

"असंच विचारलं."

तेजल पिवळी टोपी घेऊन आली. "साहेब म्हणाले पाच मिनिटं. टोपी घाला, काका. आणि कशाला हात लावू नका."

"हात लावायलाच आलोय," मी म्हणालो.

गाडी लोखंडी हातांवर वर टांगलेली होती. चाकं काढलेली. खालून ती गाडी वाटत नव्हती, एखाद्या जनावराचं पोट वाटत होतं. एक मेकॅनिक हातातल्या बॅटरीचा झोत वर धरून उभा होता. आधी उजवी बाजू जवळ होती. मी रुमालानं नळकांडं पुसलं. धुळीचा थर गेला आणि खालून अक्षरं आली.

मेकॅनिकनं बॅटरी पुढं केली आणि वाचलं, "शालन मु. करडे. आयला, काका! भांड्यासारखं नाव घातलंय की गाडीवर!"

"भांड्यांचंच दुकान आहे माझं."

"कुणाचं नाव आहे, काका?" तेजलनं विचारलं.

"हिचीच गाडी आहे."

उजवा त्यांनी बदलला नव्हता, तसा दावाही नव्हता. म्हणजे मी घातलेलं नाव टिकलं होतं, तेल-चिखल सगळं सोसून. आता डावं. मी पलीकडं गेलो. मेकॅनिक बॅटरी घेऊन मागं आला. मी नळकांडं पुसलं. पुन्हा पुसलं. चष्मा वर केला आणि अगदी जवळून बघितलं. मग बोट फिरवलं, सगळीकडून. अक्षर घासून काढलं असेल तर बोटाला खळगा लागतो, डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही. धातू गुळगुळीत होता. वर कंपनीचा छाप होता आणि साल होतं, ज्या साली मी पैसे भरले ते.

पार्ट नवा होता. त्यांनी बदलला होता.

फसवलं नाही हे कळल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला वाटलं नाही. मी गाडीच्या दांडीला धरलं.

"झालं समाधान, काका?" तेजल म्हणाली.

"नाही. नवा असेल, पण माल बोगस घातलात. वर्षापूर्वी भर रस्त्यात बसला हा."

"हा? डावा?" तिनं मेकॅनिककडे बघितलं.

तो म्हणाला, "काका, काल आम्ही चारही फुग्यांत हवा भरून ठेवली होती. सकाळी उजवा खाली आला होता. डावा जागचा हलला नाही."

"मग दोन्ही बदलायला का सांगताय?"

तेजल थोडी गोरीमोरी झाली. "जोडीनं बदललेलं चांगलं म्हणून. डावा नाही बदलला तरी चालेल."

"आत्ता सांगतेस!"

"तुम्ही आत्ता विचारलंत."

दुसरी वेळ असती तर मी या एका वाक्यावर तिथं दुपारपर्यंत भांडलो असतो. पण माझं मन त्या कोपऱ्यात अडकलं होतं. "डावा चांगला आहे म्हणता, मग तो रस्त्यात बसला कसा आणि थोड्या वेळानं परत उठला कसा?"

"उठला? क्रेन न बोलवता?"

"आपोआप. आणि पुण्यापर्यंत आला."

तेजलनं मान हलवली. "असं होत नाही, काका. हा फुगा एकदा फाटला की हवा धरत नाही. बदलल्याशिवाय गाडी उभी राहत नाही. आणि हा तर फाटलेलाच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी वळलो. प्रसन्नराव रॅम्पपासून लांब, पिवळ्या रेघेच्या पलीकडं उभे होते. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती. त्यांचा चेहरा बघून तेजल मेकॅनिकला म्हणाली, "चल, आपण पलीकडं जाऊ."

"चला बाहेर," मी प्रसन्नरावांना म्हणालो.

मागच्या बाजूला गाड्या धुवायची जागा होती. एका पांढऱ्या गाडीवर एक माणूस फेस मारत होता. आम्ही भिंतीच्या सावलीला उभे राहिलो.

"कुठला कोपरा बसला होता, प्रसन्नराव?"

ते हातातली टोपी फिरवत राहिले.

"जावई आहात म्हणून आजवर बोललो नाही. आता विचारतोय. काय केलंत तुम्ही त्या दिवशी? कुठं गेला होतात तिला घेऊन? कुणाला भेटायला थांबलात?"

"मामा, गाडी बसली नव्हती."

"मग?"

"गाडीला काहीच झालं नव्हतं. मामींनी थांबवायला सांगितलं."

पाण्याचा पंप सुरू झाला. तो बंद होईपर्यंत आम्ही थांबलो.

"शिरवळ गेलं आणि त्या म्हणाल्या, प्रसन्नराव, गाडी बाजूला घ्या. मला वाटलं, उलटी होतेय. मी घेतली. तर म्हणाल्या, दार उघडा. आता इथंच बसू. मी म्हटलं, मामी, खाट धरून ठेवलीय, स्नेहल वाट बघतेय. तर म्हणाल्या, खाट कुठं जातेय? तिथं गेलं की नळ्या लावतील. नळ्या लावल्या की बोलता येत नाही. मला थोडा वेळ मोकळं बसायचंय."

"आणि तुम्ही ऐकलंत तिचं?"

"दोनदा गाडी सुरू केली मी. दोन्ही वेळा त्यांनी दार उघडलं."

"मला फोन करायचा!"

"काढला होता फोन. त्यांनी हातातून घेतला आणि पदराखाली ठेवला."

"खोटं," मी म्हणालो. "ती असं करणार नाही. तिला जगायचं होतं. माझ्याजवळ कधी बोलली नाही ती असलं. तुम्हाला कुठं थांबायचं होतं, उशीर झाला, आता मेलेल्या माणसावर ढकलताय."

बोलताना माझा हात उठला होता. तो जावयाच्या छातीवर टेकला होता हे मला नंतर कळलं. त्यांनी तो बाजूला केला नाही.

"तुमच्याजवळ कशा बोलतील?" ते म्हणाले. "तुम्ही रोज सकाळी त्यांना म्हणायचात, या महिन्यात बरी होशील. तुम्हाला नाही कसं म्हणायचं, असं म्हणाल्या."

मला पटलं नव्हतं. असं कुणीही रचून सांगू शकतं. मी वाट बघत राहिलो. गिऱ्हाईक जास्त बोलायला लागलं की कुठंतरी चुकतं.

"समोर सर्व्हिस रोडवर एक माणूस बायकोला स्कूटर शिकवत होता," प्रसन्नराव म्हणाले. "ती सारखी उसात घुसत होती. तो मागून ओरडत पळत होता. मामी इतक्या हसल्या की पाठीत कळ आली, तरी हसत होत्या. मग त्यांनी मला तुमच्या लुनाची गोष्ट सांगितली."

"कुठली गोष्ट?"

"कृष्णेच्या वाळवंटात तुम्ही त्यांना शिकवायला नेलं होतं. लुना पडली, दिवा फुटला. घरी मामींनी सांगितलं, माझ्या हातून पडली. तुमच्या वडिलांनी त्यांना कधी परत गाडीला हात लावू दिला नाही." ते थांबले. "पण पाडली तुम्ही होती. त्या मागं बसल्या होत्या."

ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती. माझ्या आईला माहीत नव्हती, स्नेहलला माहीत नव्हती. वडील रागीट होते आणि लुना नवी होती. शालनला घरात येऊन महिना झाला नव्हता. दारातून आत शिरता शिरता तिनंच सांगून टाकलं होतं, माझ्या हातून पडली.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. फेस मारणारा माणूस आमच्याकडं बघायला लागला, तसे प्रसन्नरावही माझ्या शेजारी बसले, पँटची पर्वा न करता.

"गाडी बसली म्हणून कुणी सांगायला सांगितलं?"

"त्यांनीच. मी म्हटलं, मामांना काय सांगू? तर म्हणाल्या, सांगा गाडी बसली, पुढचा डावा. तो त्यांना लगेच पटेल. मी म्हटलं, ते शोरूमशी भांडतील. तर म्हणाल्या, भांडू देत. त्यांना भांडायला कुणीतरी लागेल. नाहीतर स्वतःशी भांडत बसतील."

"आणि स्नेहल?"

"तिलाही सांगितलं नाही. मामींनी शब्द घेतला होता. मला वाटलं, गाडी विकली की विषय मिटेल. तुम्ही विकेनात." मग ते म्हणाले, "डॉक्टर तसं बोलल्यापासून मी... आधी नेलं असतं तर काय, हे मलाही माहीत नाही, मामा. मला काय ते बोला. मी ऐकतो."

वर्षभर मी ज्याला शोधत होतो तो माणूस माझ्याशेजारी धुवायच्या जागेत ओल्या फरशीवर बसला होता. त्यानं थांबवली होती गाडी. मी एक शब्द बोललो असतो तर त्यानं तो आयुष्यभर वागवला असता, आणि स्नेहलच्या घरात तो शब्द कायमचा राहिला असता. माझ्या तोंडापर्यंत आलाही होता.

"मघाशी त्या पोरीशी काय कुजबुजत होता?" मी विचारलं.

"तिला म्हणत होतो, मामा चिडले तर मनाला लावून घेऊ नका. त्यांचं माणूस गेलंय."

मी उठलो. उठताना त्यांनी हात दिला आणि मी तो धरला.

आत तेजल टॅब घेऊन वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती भांडणाच्या तयारीत आहे.

"बाई, तुमची काही चूक नव्हती," मी म्हणालो.

"कशात, काका?"

तिला काहीच माहीत नव्हतं. वर्षभर मी मनातल्या मनात ज्या लोकांवर खुनाचा आळ घेतला होता, त्यांना त्याची बातमीही नव्हती.

"काही नाही. उजवा बदला आणि ते हवेचं यंत्र. बाकी सगळं काढा."

"बॅटरी तरी घ्या, काका. ती खरंच गेलीय."

"बॅटरी घ्या. वायपर काढा. गाडी वर्षभर उभी होती, वायपर झिजले कधी?"

"काढते."

"आणि एसीची सफाई?"

"काढली," ती म्हणाली. "काढा म्हणून आधीच सांगायचं ना, काका."

पुढं ती गाडी मी आणखी काही वर्षं वापरली, मग कॉम्प्रेसर परत गेला तेव्हा विकली. कुणाला विकली ते महत्त्वाचं नाही. त्या दिवशी मात्र ती तिथंच ठेवून आम्ही निघालो. प्रसन्नरावांनी आपल्या छोट्या गाडीतून मला कराडला सोडतो म्हटलं. ऑफिसचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, राहू द्या.

मी पुढं त्यांच्या शेजारी बसलो. खेड शिवापूरचा टोल गेला. मग ते आपणहून सांगायला लागले. शालननं चपला काढून पाय दाराबाहेर सोडले होते. पाणी प्यायली होती, अर्धी बाटली. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकांवरची वाक्यं मोठ्यानं वाचली होती. एका पेरूवाल्याला हाक मारली होती आणि भाव ऐकून त्याला पुढं जा म्हणाली होती.

"घेतले नाहीत?"

"नाही. म्हणाल्या, लुटतोय."

मला हसू आलं. ते कसं आलं कळलं नाही.

नीरेचा पूल गेला. थोडं पुढं प्रसन्नरावांनी गाडी हळू केली आणि डोक्यानं पलीकडं दाखवलं. मधल्या दुभाजकाच्या पलीकडं, पुण्याकडं जाणाऱ्या बाजूला, ऊस होता आणि त्याला लागून सर्व्हिस रोड होता. एक ट्रक उभा होता. त्याच्या सावलीत क्लीनर भाजी चिरत बसला होता.

"तिथं," ते म्हणाले. "वळवून घेऊ का पुढनं? थांबायचंय?"

मी बघितलं. ट्रक मागं पडला, ऊस मागं पडला.

"नको, चालवा," मी म्हणालो. "ती बाई शिकली का शेवटी स्कूटर?"

"शिकली," प्रसन्नराव म्हणाले. "त्या टोकापासून या टोकापर्यंत सरळ आली. नवरा मागंच राहिला. मामींनी बघितलं, पाय आत घेतले आणि म्हणाल्या, चला आता."